सव्वातीन मिलिमीटर हाड : एका इम्प्लांटभोवतीच्या हाडाची दहा वर्षांची नोंद

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमळनेर तालुक्यातील एक शेतकरी, वय ४६, जळगावातील माझ्या दवाखान्यात आले. वरच्या डाव्या पुढच्या दाताच्या मुळाशी, हिरडीवर, मुगाच्या दाण्याएवढी पुळी होती आणि ती दाबली की पू येत असे. गावातले सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो; या लेखातही तेच संबोधन ठेवतो. प्रकरण त्यांच्या लेखी संमतीने मांडत आहे आणि ओळख पटेल असे बाकी तपशील गाळले आहेत.

या दाताची कथा १९९४ पासूनची. विहिरीवरचे डिझेल इंजिन हाताने चालू करताना हँडल उलटे फिरले आणि तोंडावर बसले. खानदेशात विजेचे पंप सगळीकडे पोहोचण्याआधीच्या पिढीत हा अपघात नवा नव्हता. पन्नाशी-साठीच्या शेतकऱ्यांच्या पुढच्या दातांची विचारपूस केली, तर मारक्या बैलाइतकेच इंजिनाच्या हँडलचे नाव आजही निघते. आप्पांचा दात त्या वेळी मोडला, त्याचे रूट कॅनल झाले, मुळात धातूची खुंटी बसवून वर कॅप घातली गेली. ती वीस वर्षे टिकली. दरम्यान मूळ उभे चिरले होते आणि त्या चिरेतून आत शिरलेल्या जंतुसंसर्गाने ओठाकडची हाडाची भिंत आतल्या आत खाल्ली होती. उभ्या चिरलेल्या मुळाला कोणताही टिकाऊ इलाज नाही. दात काढावा लागला.

पुढच्या दातावर ओठाकडून असलेली हाडाची भिंत मुळातच पातळ असते, बहुतेकांत एक मिलिमीटरही नसते. तिचा बराचसा भाग दाताच्या मुळाला धरणाऱ्या तंतूंसाठीच घडलेला असतो, त्यामुळे दात गेला की त्या भागाचे प्रयोजन संपते आणि तो विरघळून जातो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एकेक दात काढलेल्या रुग्णांच्या मोजमापांत वर्षभरात जबड्याच्या त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटलेली आढळली आणि त्या घटीपैकी दोन तृतीयांश पहिल्या तीन महिन्यांतच झालेली होती. आप्पांच्या बाबतीत भिंत आधीच गेलेली होती. हिरडी भरून येण्यासाठी आठ आठवडे थांबून एप्रिलमध्ये सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय एक्स-रे चित्र, काढली, तेव्हा कडेपासून दोन मिलिमीटर खाली हाडाची रुंदी ३.२ मिलिमीटर निघाली. उंची भरपूर होती, नाकाच्या तळापर्यंत सोळा मिलिमीटर. रुंदी मात्र कोणताही इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या मुळाच्या जागी बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, चहूबाजूंनी हाडात बसेल इतकी नव्हती. साडेतीन मिलिमीटर व्यासाचा इम्प्लांट बसवून त्याच्या ओठाकडे दीड ते दोन मिलिमीटर आणि टाळूकडे किमान एक मिलिमीटर हाड उरायचे, तर साडेसहा मिलिमीटर रुंदी हवी. म्हणजे जवळपास दुप्पट.

हाड वाढते कसे

टायटॅनियमशी हाड घट्ट सांधते, ही गोष्ट स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी सशांच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना ओळखली आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्या काळी इम्प्लांट जिथे हाड असेल तिथेच बसवला जाई. जिथे हाड नाही तिथे ते आधी तयार करायचे, या विचाराला ऐंशीच्या दशकात बळ मिळाले. जखम भरून येताना हिरडीच्या आणि संयोजी ऊतीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने पसरतात आणि रिकामी जागा आधी बळकावतात. त्यांना पापुद्र्याने, म्हणजे मेम्ब्रेनने, अडवून ठेवले तर हळू चालणाऱ्या हाडाच्या पेशींना त्या जागेत शिरायला वेळ मिळतो. गोथेनबर्गच्या संशोधकांनी १९८८ मध्ये उंदरांच्या जबड्यातील छिद्रांवर पापुद्रे घालून हे दाखवून दिले. आप्पांना मी ते शेताच्या भाषेत सांगितले : बी उगवायच्या आत तण वर आले तर पीक दबते, मेम्ब्रेनचे काम तण अडवायचे आणि आतल्या ग्राफ्टचे, म्हणजे त्या जागेत भरलेल्या हाडाचे किंवा दाण्यांचे, काम जमीन खचू न देण्याचे. त्यांनी लगेच विचारले, मग पाणी कुठून येणार? हा प्रश्न माझ्या अनेक विद्यार्थ्यांना सुचत नाही. पाणी म्हणजे रक्त, आणि ते बाजूच्या जिवंत हाडातूनच येते. म्हणून जुन्या हाडाच्या पृष्ठभागावर बारीक भोके पाडून ते वाहते करावे लागते.

शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत यासाठी चार अटी सांगितलेल्या आहेत : जखम ताणाशिवाय पूर्ण मिटणे, नवीन रक्तवाहिन्या फुटणे, आतली जागा शाबूत राहणे आणि रक्ताची गुठळी व ग्राफ्ट हलू न देणे. या चौघींत थोरली पहिलीच. ग्राफ्टच्या पुडीवर काय छापले आहे याची चर्चा आम्ही डॉक्टर फार करतो, परंतु जखम तिसऱ्या आठवड्यात उघडली तर पुडीतल्या दाण्यांचा उत्तम दर्जा वाया जातो. मला हे वाचून ठाऊक होते. आप्पांच्या तोंडात ते मी अनुभवाने शिकलो.

हाई हाड कोनं शे?

ग्राफ्टचे प्रकार समजावून सांगत असताना आप्पांनी मला मध्येच थांबवले आणि अहिराणीत विचारले, "डॉक्टरसाहेब, हाई हाड कोनं शे?" हे हाड कोणाचे आहे? ते माळकरी. तीस वर्षांपूर्वी तुळशीची माळ घातलेली, घरात मांसाहार नाही, एकादशी चुकत नाही.

जगभर सर्वाधिक अभ्यास झालेले ग्राफ्टचे दाणे गाय-बैलाच्या हाडापासून, त्यातील सर्व सेंद्रिय भाग काढून टाकून, बनवलेले असतात. ते फार हळू विरघळतात, म्हणून आकार टिकवायला उत्तम. मानवी हाडाचे ग्राफ्टही मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतीपेढीत ते तयार होते आणि आपल्याकडे बऱ्याच दंतवैद्यांनी वापरलेले आहे. विरघळणारे कोलॅजनचे मेम्ब्रेन पुष्कळदा डुकराच्या किंवा गुरांच्या ऊतीतून काढलेले असते. हे सगळे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. पहिल्या दोन्ही प्रकारांना त्यांनी शांतपणे नकार दिला. मेम्ब्रेनविषयी तर विचारायचीच गरज उरली नाही. वहिनी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना नंतर कळले असते तर त्यांनी ते तोंडातून उपटून काढले असते."

या मुद्द्यावर माझे मत ठाम आहे. रुग्णाने विचारले नाही तरी ग्राफ्ट कशापासून बनवले आहे हे सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे. संमतीपत्रावर नुसते "हाडाचे ग्राफ्ट" लिहून भागत नाही. खानदेशात माळकरी आहेत, जैन आहेत, महानुभाव आहेत, मुसलमान आहेत. कोणाला गाय चालणार नाही, कोणाला डुक्कर, कोणाला कोणताच प्राणी. काहींना सगळे चालते. ते ठरवण्याचा अधिकार त्यांचा. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका रुग्णाला, आधी दुसरीकडे झालेल्या ग्राफ्टचा उगम तीन वर्षांनी माहितीपत्रकातून कळला, आणि त्या दिवसापासून इम्प्लांट उत्तम असूनही त्याला त्या बाजूने घास चावताना मळमळते. ती मळमळ कोणत्याही एक्स-रेत दिसणार नाही, पण मी ती उपचाराची हानीच मानतो.

एकदा दार उघडले की बारीकसारीक गोष्टीही पाहाव्या लागतात. प्रतिजैविकाच्या कॅप्सूलचे कवच बहुतेक जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन प्राण्याचे. म्हणून आप्पांना गोळ्या दिल्या. रक्त थांबवायचा स्पंज जिलेटिनचा, तो टाळला. कॅटगटचे टाके आतड्याच्या ऊतीपासून बनतात. त्याऐवजी नायलॉन वापरले. यादी करायला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास आप्पा समोर बसून ऐकत होते.

शेवटी ठरले ते असे : निम्मे ग्राफ्ट त्यांच्याच खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून खरवडून काढलेले हाड, निम्मे कृत्रिम दाणे, ज्यांत साठ टक्के हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट आणि चाळीस टक्के बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी आणि वाढीचे संदेश असतात, पण ते लवकर झिजते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत विरघळून जागा मोकळी करते. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट वर्षानुवर्षे राहून आकार धरून ठेवते. मेम्ब्रेन दाट विणीच्या पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे, टायटॅनियमच्या बारीक पट्टीने ताठ केलेले. ते आपोआप विरघळत नाही, पुन्हा उघडून काढावे लागते. मात्र त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की जुन्या, सच्छिद्र प्रकारापेक्षा ते उघडे पडले तरी जंतू त्यातून सहज आत शिरत नाहीत. हा गुण पुढे कामी आला.

शस्त्रक्रिया आणि माझी चूक

शस्त्रक्रिया एप्रिल २०१४ च्या तिसऱ्या आठवड्यात केली. चैत्र-वैशाखात शेतात काम कमी असते आणि कापसाचे पैसेही हातात आलेले असतात, त्यामुळे इकडचे शेतकरी मोठे उपचार याच दिवसांत काढतात, अडचण उन्हाची. त्या दिवशी जळगावात पारा चव्वेचाळिसाच्या घरात होता. आप्पा पहाटेच्या पॅसेंजरने आले होते.

हिरडीचा पडदा उचलल्यावर हाडातली खाच स्पष्ट दिसली : ओठाकडून सात मिलिमीटर उंचीची, तळाशी निमुळती. संसर्गाची उरलेली मऊ ऊती खरवडून काढली, हाडाला एकेक मिलिमीटरची भोके पाडली, त्यांतून रक्ताचे ठिपके उमटले. ग्राफ्ट रुग्णाच्याच रक्तात भिजवून ओल्या वाळूसारखे झाल्यावर थरांनी बसवले, स्वतःचे हाड आत आणि कृत्रिम दाणे बाहेर. मेम्ब्रेन कापून शेजारच्या दातांपासून दीड-दोन मिलिमीटर दूर ठेवले आणि दोन बारीक खिळ्यांनी पक्के केले. दाताला चिकटलेले मेम्ब्रेन म्हणजे दाताच्या कडेने जंतूंसाठी उघडलेली वाट, म्हणून हे अंतर सोडावेच लागते.

मग टाके घालायची वेळ आली. पडदा आता आधीपेक्षा मोठ्या आकारावरून ओढून आणायचा असतो, त्यासाठी त्याच्या आतल्या कडक अस्तराला, म्हणजे अस्थिवेष्टनाला, आडवा छेद देऊन तो सैल करतात. मी छेद दिला, पण उथळ. कडा जुळल्या. शेवटची गाठ मारल्यावर मात्र छेदाच्या मध्यभागी हिरडीची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी पांढुरकी पडली. गुलाबी रंग परत यायला हवा तितक्या लवकर आला नाही. पांढरी कड म्हणजे ताण, आणि ताण म्हणजे त्या जागी रक्त कमी. मी ते पाहिले. टाके सोडून पुन्हा सैल करायला वीस मिनिटे लागली असती, भूल उतरत आली होती, आणि मी स्वतःला समजावले की सूज उतरल्यावर बसेल.

गेलेल्या दाताच्या जागी काढता-घालता येणारा दात दिला नाही, कारण त्याचा दाब ग्राफ्टवर येतो आणि कच्चे हाड त्याखाली चेपले जाते. शेजारच्या दातांना मागून तंतूच्या पट्टीने चिकटवलेला तात्पुरता दात दिला. आप्पा भजनी मंडळात गातात, त्यांना दाताशिवाय बसायला संकोच वाटत होता.

त्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अमळनेरला सखाराम महाराजांची वैशाखी यात्रा भरली. बोरी नदीच्या पात्रातली ही यात्रा, एकादशीचा रथ आणि पौर्णिमेची पालखी यांसाठी सारा परिसर लोटतो. आप्पांनी दोन रात्री जागून भजने गायली. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा टाके घातलेल्या जागी मेम्ब्रेनची तीन मिलिमीटरची पांढरी कड उघडी दिसत होती.

मंडळातल्या लोकांनी त्यांना सांगितले होते की जागरणाने आणि धुळीने जखम बिघडली. ते अपराध्यासारखे बसले होते. मी त्यांना स्पष्ट सांगितले की जखम यात्रेने उघडलेली नाही. ज्या जागी मी पांढरी कड पाहिली होती, नेमकी तीच जागा उघडली आहे. गाण्याने ओठ ताणला जातो हे खरे, पण नीट सैल केलेला पडदा तेवढा ताण सहज सोसतो. हे सांगणे मला जड गेले; त्याशिवाय पुढच्या दहा वर्षांत त्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास मला घेता आला नसता.

पू नव्हता. दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने हलक्या हाताने स्वच्छता, दर आठवड्याला तपासणी, आणि सहाव्या आठवड्यात मेम्ब्रेन काढले. खाली तांबूस, लुसलुशीत पण घट्ट होऊ लागलेली ऊती होती; वरच्या कडेचे थोडे दाणे निसटले होते. तंबाखू शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधी बंद केली होती. ती त्या काळात बंदच राहिली, हे त्यांचे श्रेय.

इम्प्लांट आणि दुसरी भरपाई

जानेवारी २०१५ मध्ये, कापसाची वेचणी आटोपल्यावर, पुन्हा सीबीसीटी काढली. खालच्या भागात रुंदी ६.८ मिलिमीटर झाली होती. कडेला, म्हणजे जिथे मेम्ब्रेन उघडे पडले होते तिथे, ५.२. चित्र सुरेख पांढरे होते. त्या पांढऱ्यावर विसंबू नये. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे दाणे स्वतःच एक्स-रेत पांढरे दिसतात, त्यामुळे भोवती हाड नसले तरी भरगच्च हाड असल्याचा भास होतो. खरी परीक्षा ड्रिल आत जाताना होते. आप्पांच्या हाडाने खालच्या भागात प्रतिकार केला, ड्रिलच्या खोबणीत रक्ताळलेला ओला भुगा आला, त्यात काही पांढरे दाणे घट्ट रुतलेले होते. ते सुटे झाले असते तर मी थांबलो असतो.

साडेतीन मिलिमीटर व्यासाचा, साडेअकरा मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट टाळूच्या बाजूला किंचित सरकवून बसवला; बसताना ३० न्यूटन-सेंटिमीटर इतका प्रतिकार मिळाला. कडेला ओठाकडे जेमतेम ०.८ मिलिमीटर हाड उरले. असे पातळ हाड पुढे झिजते आणि त्याच्यासोबत हिरडीही वर सरकते. म्हणून त्याच बैठकीत दुसरे, छोटे ग्राफ्ट केले. या वेळी ड्रिलमधून निघालेले त्यांचे हाड, थोडे कृत्रिम दाणे आणि वरून त्यांच्याच रक्तापासून तयार केलेला फायब्रिनचा पापुद्रा वापरला. हे तंत्र फ्रान्सच्या जोसेफ शुक्रुन यांचे, २००१ सालचे : रक्त कोणतेही रसायन न घालता मिनिटाला २७०० फेऱ्यांनी बारा मिनिटे फिरवले की मधोमध पिवळसर जेलीसारखी गुठळी तयार होते, ती दाबून पापुद्रा करतात. तो एक-दोन आठवड्यांतच विरघळतो, त्यामुळे मोठ्या खाचेत तण अडवायला तो एकटा पुरत नाही. इथे खाच लहान होती आणि तीन बाजूंनी हाड होते. या खेपेस अस्थिवेष्टन पुरेसे सैल केले. पडदा कडेच्या तीन मिलिमीटर पुढे सहज येतो हे चिमट्याने ओढून पाहिले आणि मगच टाके घातले. पांढरी पट्टी दिसली नाही. आप्पांनी आरशात पाहून विचारले, "आता रंग बरोबर का?" त्यांच्या ते लक्षात राहिले होते.

जुलै २०१५ मध्ये पावसाने ओढ दिली होती, पेरणी झालेली आणि शेतात करण्यासारखे काही नव्हते. ते स्वतःहून लवकर आले. हिरडीखाली झाकलेला इम्प्लांट उघडताना टाळूतून थोडी संयोजी ऊती काढून ओठाकडच्या हिरडीखाली सरकवली, त्याने हिरडी जाड झाली. नव्या हाडावर जाड हिरडी असणे हे सौंदर्यापुरते नाही. पातळ हिरडीखालचे हाड अधिक झिजते, असा अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. सप्टेंबरमध्ये स्क्रूने बसणारी कॅप लावली. सिमेंटने चिकटवलेल्या कॅपमध्ये हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला तर तो पुढे हाड खातो. हिरडीच्या आत खोलवर असलेल्या इम्प्लांटवर मी तो धोका घेत नाही.

दहा वर्षे

त्याच दिवशी त्यांच्या चाव्याचा अ‍ॅक्रिलिकचा ठसा करून घेतला आणि एक्स-रेचा होल्डर त्यावर बसवला. प्लास्टिकच्या डबीत, नाव लिहून, तो ठसा अजून कपाटात आहे. पुढचा प्रत्येक एक्स-रे त्याच ठशावर दात रोवून काढला, त्यामुळे कोन बदलला नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या गोष्टी बोलायच्या तर एवढी काळजी घ्यावीच लागते. कोन थोडा बदलला की हाड वाढलेले किंवा घटलेले दिसते.

पहिल्या वर्षी कडेचे हाड ०.९ मिलिमीटर उतरले. इम्प्लांट उघडल्यावर आणि त्यावर भार आल्यावर हाड आपली पातळी नव्याने ठरवते. टोमास आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार पहिल्या वर्षानंतरची झीज दरवर्षी ०.२ मिलिमीटरच्या आत असावी. २०१६ ते २०१९ या काळात मला मोजता येईल असा बदल दिसला नाही. २०१७ मध्ये खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तंबाखूचा काळा थर दिसला. विचारल्यावर त्यांनी लपवले नाही. ती पुन्हा सुटली, पुन्हा लागली, असे चालले.

मग मार्च २०२० आला. गाड्या बंद, दवाखाने बंद. आप्पांची तपासणी सोळा महिने झाली नाही. २०२१ च्या पावसाळ्यात ते आले तेव्हा इम्प्लांटभोवती हलक्या हाताने सळई फिरवताच रक्त येत होते, हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली पाच मिलिमीटर होती आणि एक्स-रेत हाड आणखी ०.६ मिलिमीटर उतरले होते. रक्तातील साखर तपासली, एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ८.९ निघाले. मधुमेह कधीपासून होता हे सांगता येणार नाही, कारण त्याआधी कोणी तपासलाच नव्हता. मीही तपासला नव्हता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णात इतक्या वर्षांच्या देखरेखीत तो तपासायला हवा होता.

इम्प्लांटभोवतीच्या दाहाची आणि हाड खाणाऱ्या आजाराची नवी व्याख्या २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरली. आधीच्या नोंदी हाताशी नसतील तर सहा मिलिमीटर किंवा जास्त खोली, रक्तस्राव आणि तीन मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेले असणे, हे निदानाचे निकष. आमच्याकडे नोंदी होत्या, म्हणून तीन मिलिमीटरची वाट पाहावी लागली नाही. आधीच्या चित्राशी तुलना करून सुरुवातीलाच हालचाल करता आली. कॅपचा स्क्रू सोडला, कॅपच्या खालच्या कडेवर थर साचलेला होता. इम्प्लांटला ओरखडे न पडतील अशा टायटॅनियमच्या हत्यारांनी आणि ग्लायसीनच्या पावडरच्या फवाऱ्याने स्वच्छता केली, कॅपचा हिरडीकडचा उतार घासून ब्रश पोहोचेल असा केला, आणि आप्पांना त्यांच्या गावाजवळच्या डॉक्टरांकडे साखरेसाठी पाठवले. सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.१ वर आले, रक्त थांबले, खोली तीन-चार मिलिमीटरवर स्थिरावली. गेलेले ०.६ मिलिमीटर परत आले नाही.

मागे वळून पाहता, २०१४ च्या शस्त्रक्रियेत मी वापरलेल्या दाण्यांवर माझे बोलणे त्या काळी फार होत असे. आज मला दिसते ते असे की या हाडाचे जे काही कमी-जास्त झाले ते तीन ठिकाणी झाले : एका पांढऱ्या कडेपाशी, दुसऱ्या वेळच्या टाक्यांपाशी, आणि सोळा महिन्यांच्या खंडात. दाणे तिन्ही वेळी तेच होते. गाईच्या हाडाचे दाणे वापरले असते तर निकाल अधिक चांगला लागला असता का, या प्रश्नाला एका रुग्णावरून उत्तर देता येत नाही. स्वित्झर्लंडमधील डॅनियल बूझर आणि सहकाऱ्यांनी पुढच्या एकेका दाताच्या ४१ रुग्णांचा पाच ते नऊ वर्षे पाठपुरावा करून दाखवले आहे की आत स्वतःचे हाड आणि बाहेर हळू विरघळणारे दाणे, या जोडीने ओठाकडची भिंत टिकते. आप्पांच्या बाबतीत तत्त्व तेच होते, बाहेरचा दाणा तेवढा बदलला.

सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षे पुरी झाली. सीबीसीटीत ओठाकडचे हाड मधल्या भागात सुमारे १.६ मिलिमीटर दिसते; टायटॅनियमभोवती चित्रात चकाकी आणि सावल्या येतात, त्यामुळे हा आकडा मी दशांशापर्यंत खरा मानत नाही. भोवतालच्या हाडात हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे दाणे अजूनही वेगळे ओळखू येतात. शेजारच्या दाताच्या तुलनेत हिरडी अर्धा मिलिमीटर वर आहे आणि कडेला, उजेडात पाहिले तर, किंचित राखाडी छटा जाणवते. आप्पा मोठ्याने हसले तरी ओठ तितका वर जात नाही. कळण्याची भाकरी ते पुढच्या दातांनी तोडत नाहीत, हाताने तुकडा करून घेतात; ही सवय मी २०१५ मध्ये लावली होती.

दाण्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारले की यातले कोणते हाड त्यांचे आणि कोणते कारखान्याचे. मी जेवढे ओळखू येते तेवढे दाखवले. पुढची तपासणी कापसाची पहिली वेचणी उरकल्यावर ठरली आहे. येताना तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल आणायचा आहे, आणि खालच्या उजव्या दाढेला गेल्या पंधरवड्यापासून थंड लागते आहे, तिचाही एक्स-रे त्याच दिवशी काढायचा आहे.